पाठीमागचे सहा चिमटे

"हात वर कर, आई. अजून थोडे."

इव्हान्थियाने हात वर केले. नव्वदीच्या बाईचे जातात तेवढेच ते वर गेले, आणि स्तामातियाने काळा ड्रेस तिच्या डोक्यावरून अलगद खाली सोडला. रेशीम खांद्यांवर थांबलंच नाही. ते घसरत दंडांवर येऊन बसलं आणि गळा इतका उतरला की आतल्या लोकरी बंडीची कड दिसायला लागली.

स्तामातिया दोन पावलं मागे सरली आणि डोळे बारीक करून बघत राहिली. बावीस वर्षं तिने एक मासिक चालवलं होतं. बाहेर सगळे तिला स्टेला म्हणायचे, आणि मेलबर्नमधल्या निम्म्या बायकांनी स्टेला म्हणाली म्हणून खांद्यातली पॅडं काढून टाकली होती, आणि तीच पुन्हा म्हणाली म्हणून कपाटातून शोधून लावली होती. टेप हातात धरणं तिला कमीपणाचं वाटायचं. बाई दारातून आत आली की छाती, कंबर, उंची तिला कळायची, आणि ती सहसा चुकत नसे. आज सख्ख्या आईचं माप चुकलं होतं, आणि तेही चार बोटं या बाजूने आणि चार बोटं त्या बाजूने.

"मोठा आहे गं," आई म्हणाली.

"मोठा नाहीये. तो असाच असतो. थांब."

तिने पर्समधून चिमटे काढले. कागदांच्या गठ्ठ्याला लावतात तसले, काळे, लोखंडी. फोटोच्या धंद्यातली ही जुनी रीत आहे. मॉडेल कितीही शिडशिडीत असली तरी कपडा कुणालाच हवा तसा बसत नाही. मग मागून कपडा मुठीत गोळा करायचा, ओढायचा आणि चिमटे लावून टाकायचे. पुढून बघणाऱ्याला वाटतं, अंगावरच शिवलाय. मागचं कॅमेऱ्याला दिसत नाही, आणि कॅमेऱ्याला जे दिसत नाही ते नसतंच, अशी या धंद्यातल्या माणसांची हळूहळू समजूत होऊन जाते. स्तामातियाने मानेपासून कमरेपर्यंत सहा चिमटे लावले. चौथ्याला आईने श्वास आत ओढला.

"टोचतंय?"

"नाही गं."

आरशात बघून स्तामातियाला स्वतःलाच भरून आलं. काळ्या रेशमात आईचे पांढरे केस, हडकुळी मान, कपाळावरच्या आडव्या रेषा, सगळं जागच्या जागी बसलं होतं. हेच तर ती आयुष्यभर सांगत आली होती. वय झाकू नका, पण त्याला अस्ताव्यस्त पसरूही देऊ नका. पन्नाशीनंतर रंग तुमच्या चेहऱ्याशी भांडायला लागतात, एकटा काळा भांडत नाही. पहिल्याच लेखात तिने लिहिलं होतं की हे मला कुठल्या पॅरिसने शिकवलं नाही, माझ्या विधवा आईच्या काळ्या झग्याने शिकवलं. ते वाक्य इतक्या ठिकाणी छापून आलं होतं की कुणी तिची ओळख करून देताना तेच म्हणायचं.

जूनमध्ये मासिक टॅम्सिन नावाच्या चौतीस वर्षांच्या मुलीच्या हातात गेलं होतं. स्तामातियाला सल्लागार हे नाव, एक फुलांचा गुच्छ आणि नोव्हेंबरच्या अंकातलं शेवटचं पान मिळालं होतं. विषय तिचा तिने निवडायचा होता. तिने म्हातारपण निवडलं, आणि त्यासोबत आईचा फोटो. आज सप्टेंबरचा अकरावा दिवस, इव्हान्थियाच्या नावाच्या संतिणीचा. आमच्या ग्रीक लोकांत वाढदिवसापेक्षा नावाचा दिवस मोठा. बोलावणं लागत नाही, दार उघडं असतं आणि ज्याला आठवण आहे तो येतो. फोटोला याहून चांगला दिवस मिळाला नसता.

"फोटो झाला की हाच पेटीत ठेवू या," स्तामातिया चिमटा नीट करत म्हणाली. "यापेक्षा चांगला कुठला असणार आहे?"

पेटी खिडकीखाली होती. आमच्या लिम्नोस बेटाकडच्या बायका म्हातारपण आलं की शेवटचे कपडे स्वतःच तयार ठेवतात, आपल्याला कशात मातीत ठेवायचं ते दुसऱ्यांवर सोडत नाहीत. आणि तो झगा ज्या मुलीने शिवला किंवा आणला, तीच शेवटी आईला तो घालते. इव्हान्थियाने पेटीकडे पाहिलं, मग आरशातल्या थोरल्या लेकीकडे पाहिलं, आणि चष्मा कुठे आहे ते विचारलं.

*

फोफो स्वयंपाकघरात बटाट्यांवर लिंबू पिळत होती आणि तिला भिंतीपलीकडचं सगळं ऐकू येत होतं. नाव फोतिनी, पण त्या नावाने तिला फक्त बँकवाले हाक मारत. स्तामातियाहून पाच वर्षांनी धाकटी. ओकलीला स्टेशनजवळ तिचं कपडे अल्टर करायचं दुकान होतं, आणि तिथे दिवसभर गुडघे टेकून ती लोकांच्या पँटी आखूड करायची.

पेटीत कशाला जागा शोधतेस, ती मनात म्हणाली. पेटी भरलेली आहे.

फेब्रुवारीत आई एकटीच बसने दुकानात आली होती. येऊन म्हणाली, दार लाव. मग तिने रुमालात बांधलेलं कापडाचं चिंधूक काढलं, तळहाताएवढं, जुनाट हिरवं. म्हणाली, असा रंग शोध आणि मला शेवटचा झगा शीव, आणि मातूलाला सांगू नकोस. मातूला म्हणजे स्तामातिया. फोफोने तीन आठवडे कापड शोधलं, चार रविवार शिवलं, आणि त्या चार रविवारांइतकं सुखाने ती कधी झोपली नव्हती. झगा चांगला झाला म्हणून नव्हे. मातूलाला सांगू नकोस, हे शब्द आयुष्यात पहिल्यांदा तिच्या वाट्याला आले म्हणून.

लहानपणी फ्लिंडर्स लेनच्या कारखान्यातून कापलेले कपडे गठ्ठ्यांनी घरी यायचे. आई मशीनवर शिवायची. पूर्ण झालेला ड्रेस कसा पडतो ते बघायला मातूलाला खुर्चीवर उभं करायची, कारण मातूलाचे खांदे सरळ होते. फोफो खुर्चीखाली बसून दोरे वेचायची. खालून बहिणीचे मोजे दिसायचे आणि वरून आईचा आवाज यायचा, "वा, काय दिसतेय माझी पोर." एवढी वर्षं झाली, दुकान झालं, दोन मुलगे झाले, गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तरी फोफो अजून त्या खुर्चीखालीच होती. हे तिला स्वतःला कळत होतं आणि त्याचाही तिला राग यायचा.

आणि आता ही बाई पर्समध्ये चिमटे घेऊन आली होती आणि पेटीत जागा शोधत होती. सांगून टाकावं असं फोफोच्या जिभेवर आलं होतं. पण सांगितलं की गुपित संपणार, आणि गुपित हीच तर तिची सगळी कमाई होती.

*

फोटो इस्मिनीने काढला, लिंबाच्या झाडाशेजारी, सावलीत खुर्ची टाकून. स्तामातियाची ही एकुलती एक मुलगी जूनपर्यंत मासिकासाठीच फोटो काढायची. आईला काढलं त्या महिन्यात तिने राजीनामा दिला, आणि सगळ्यांनी ते प्रेम समजून कौतुक केलं. प्रत्यक्षात ती दर गुरुवारी फोफोमावशीच्या दुकानात जाऊन बसायला लागली होती. एक पाय आखूड आणि एक लांब अशा पँटीत उभ्या बायका, टाचण्या लावलेल्या बाहीत हात अडकलेल्या, हसत असलेल्या, असे फोटो ती काढत होती. स्तामातियाने ते एकदा पाहिले होते. चांगले होते. ती त्याबद्दल एक अक्षर बोलली नाही, आणि न बोलण्याचं कारण इस्मिनीला बरोबर कळलं. चांगले फोटो मावशीच्या दुकानात निघाले होते, तिच्या हाताखाली नव्हे.

"हनुवटी खाली, आई. डोळे माझ्याकडे," स्तामातिया इस्मिनीच्या खांद्यामागून सांगत होती.

इस्मिनीने कॅमेऱ्यातून पाहिलं. यायाचे, म्हणजे आजीचे, ओठ घट्ट मिटलेले होते आणि उजवा हात खुर्चीच्या कडेला असा धरलेला होता की बोटं पांढरी पडली होती. इस्मिनीला ते चिमटे माहीत होते. लहानपणी शाळा सुटल्यावर ती स्टुडिओच्या कोपऱ्यात चित्रं काढत बसायची आणि बघायची, की आई एखाद्या अनोळखी मुलीच्या खांद्यावरची चुणी अर्धा अर्धा तास निरखते आहे. आपला नवा फ्रॉक दाखवायला गेलं की ती एकदाच बघायची आणि म्हणायची, छान, पण पट्टा काढ.

"याया, दुखतंय का?"

"काढ लवकर, पोरी."

तिने सात-आठ काढले. स्तामातियाने कॅमेरा हातात घेऊन ते पाहिले. फोटो फारच सुंदर आला होता. गेली दहा वर्षं ती दर चार महिन्यांनी एका डॉक्टरकडे जाऊन कपाळात सुया टोचून घेत होती आणि लेखात लिहीत होती की आपलं वय अंगावर दिमाखाने वागवा. आईने कधी लिंबाच्या सालीपलीकडे तोंडाला काही लावलं नव्हतं, आणि नव्वदाव्या वर्षी तिच्याकडे तो चेहरा होता. स्तामातियाला सख्ख्या आईचा हेवा वाटला. असं वाटल्याची लाज वाटली, पण हेवा त्यामुळे कमी झाला नाही.

तेवढ्यात फाटकातून ओलिंपियाबाई आल्या, शेजारच्या गल्लीतल्या, हातात दुधाच्या मिठाईचं ताट घेऊन. बघून तिथेच थांबल्या. म्हणाल्या, अगं इव्हान्थिया, तू तर तुझ्या लेकीच्या मासिकातली दिसतेस. आत जाऊन कपडे बदलू का, असं इव्हान्थियाने विचारलं. स्तामातिया म्हणाली, राहू दे ना जेवण होईपर्यंत, सगळ्यांना बघू दे. तिच्या आवाजात बावीस वर्षांची सवय होती. इव्हान्थिया बरं म्हणाली.

*

जेवायला आठ माणसं होती. फोफोचा नवरा आणि दोन मुलगे, ओलिंपियाबाई आणि घरातल्या चौघी. फाटकातून येणारे जाणारे उभ्या उभ्या एखादा घोट घेऊन, दीर्घायुष्य चिंतून जात होते, आणि जो येई तो ड्रेसबद्दल बोलत होता. फोफोने पहाटे पाचला भट्टीत घातलेल्या कोकराबद्दल कुणी काही बोललं नाही. स्तामातिया शेवटच्या पानावर काय लिहिणार ते सांगत होती, आणि ओलिंपियाबाईंनी ते जुनं वाक्य तोंडपाठ म्हणून दाखवलं. विधवा आईचा काळा झगा. फोफोच्या मोठ्या मुलाने टाळी वाजवली, तेव्हा फोफोने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने हात मांडीवर ठेवले.

बटाटे वाढताना फोफोचं लक्ष गेलं. आई खुर्चीच्या कडेवर बसली होती. पाठ टेकत नव्हती. पुढ्यातलं ताट जसंच्या तसं होतं आणि वरच्या ओठावर घामाचे थेंब होते.

भांडं हातात धरूनच ती खुर्चीमागे गेली आणि तिने आईच्या पाठीवर हात ठेवला. बोटांना लोखंड लागलं.

"हे काय आहे?"

"फोफो, बस," आई म्हणाली.

"सकाळपासून आहेत हे?"

स्तामातिया म्हणाली, की फोटोसाठी लावलेत, सगळेच लावतात, त्यात एवढं काय.

"फोटो होऊन दोन तास झाले, मातूला."

फोफोने बटाट्यांचं भांडं खाली ठेवलं आणि एकेक चिमटा काढून पावाच्या टोपलीशेजारी मांडायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. चौथा काढताना आई कण्हली. फोफोच्या मनात दया आली असं कुणाला वाटेल, पण आधी आला तो मत्सर. गेल्या हिवाळ्यात स्कर्टच्या दुमडीत तिची एक टाचणी राहून गेली होती, तर आईने अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल एवढा आरडाओरडा केला होता. आणि थोरलीचे सहा चिमटे ती दोन तास मुकाट सोसत होती.

सहावा चिमटा निघाला आणि ड्रेस पुढून खाली आला. रेशमाच्या ढिगात एक छोटीशी म्हातारी बसलेली राहिली. इस्मिनीने आपला स्वेटर काढून तिच्या खांद्यांवर टाकला. ओलिंपियाबाई पावाचा तुकडा मोडत राहिल्या.

"तुला आईचं मापसुद्धा माहीत नाही," फोफो म्हणाली.

"तुझ्यासारखी टेप घेऊन मी तिच्या मागे मागे नाही फिरत."

"कुणीतरी फिरावं लागतं. तीन वेळा आत घेतलेत मी तिचे सगळे कपडे. ती आटत चाललीय, मातूला. तू बघितलंयस कधी? तू येतेस, तिचा हात धरून फोटो काढतेस आणि जातेस."

"आणि तुझा काय त्रास आहे तो सांगू का सगळ्यांसमोर?" स्तामातियाचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. मासिकातल्या मुली या आवाजाला घाबरायच्या. "तुला कुणी खुर्चीवर उभं केलं नाही, हा तुझा त्रास आहे. अठ्ठावन्न वर्षांची झालीस तरी तोच आहे. म्हणून माझी मुलगी दुकानात नेऊन बसवलीस."

"मला कुणी नेलं नाही, मी गेले," इस्मिनी म्हणाली, पण तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

फोफो वाकली. तिने ड्रेसचा खांदा चिमटीत धरला, मग बाही वितीने मापली, मग छातीची शिवण बोटाखालून नेली. रोज वीस माणसांना मापणारी बोटं होती ती, त्यांना टेप लागत नव्हता.

"हा आईच्या मापाचा नाहीच," ती हळू म्हणाली. "चुकलेलं मापही नाहीये हे. हे तुझं माप आहे. खांदा तुझा, छाती तुझी, लांबी तुझी. तू आईचा म्हणून डोळ्यांसमोर आणलास आणि स्वतःचा घेऊन आलीस."

स्तामातियाने ड्रेसकडे पाहिलं. खांद्याची रुंदी तिने पाहिली आणि तिला कळलं की हे खरं आहे. इतका वेळ ते तिला दिसलं नव्हतं.

"मग काय झालं," ती म्हणाली. "माप तू आत घे. रंग तर बरोबर आहे ना? काळा कुणी शिकवला मला? हिनेच ना?"

"आईला काळा नकोय."

फोफोच्या तोंडून निघून गेलं. फेब्रुवारीपासून जपलेलं गुपित पावाच्या टोपलीशेजारी चिमट्यांबरोबर येऊन पडलं, आणि ते पडल्याबरोबर तिला रडू यायला लागलं. स्तामातिया आईकडे वळली.

"काय म्हणतेय ही?"

इव्हान्थियाने स्वेटर छातीशी ओढून घेतला. तिला बोलायचं नव्हतं. कुणाला दुखवायचं नाही म्हणून माणूस गप्प राहतो, आणि नव्वदी उलटेपर्यंत तेच करत बसतो. पण आता सगळे तिच्याकडे बघत होते.

"तुझे वडील गेले तेव्हा मी काळा घातला," ती म्हणाली. "सगळ्याच घालतात. तीन वर्षं घालीन म्हटलं होतं. तिसऱ्या वर्षी ईस्टरला काढायचं ठरवलं होतं. कापडसुद्धा बघून आले होते दुकानात, हिरवं."

"मग?"

"मग त्या मार्चमध्ये तू लिहिलंस."

स्तामातियाने हातातला काटा ताटात ठेवला.

"पाद्र्यांच्या बायकोने चर्चमध्ये कात्रण आणून दाखवलं. ओलिंपियाने दुकानदाराला वाचून दाखवलं. सगळ्या म्हणाल्या, बघा, लेकीने आईचा काळा झगा अख्ख्या देशाला सांगितला. मग मी तो काढणार कसा? तुझं नवीन नवीन काम होतं. माझ्यामुळे तुझा शब्द खोटा पडला असता."

"बावीस वर्षं?"

"सवय होते गं. आवडला नाही कधी, पण सवय होते."

ओलिंपियाबाई उठल्या आणि मिठाई कापायला आत गेल्या. जाताना त्यांनी डोळ्यांना पदर लावला असता, पण पदर नव्हता, म्हणून रुमाल लावला. दोन्ही मुलगे बापाबरोबर बाहेर अंगणात गेले. इव्हान्थियाने टेबलाचा आधार घेतला.

"चला. मला हे काढू द्या. पेटीतला आणा."

फोफो डोळे पुसून तिचा हात धरायला पुढे झाली.

"तू नाही, फोफो. तू शिवलास ना? मातूला घालेल."

फोफो तिथेच उभी राहिली. त्या झग्याला तिने पाठीवर बावीस बटणं लावली होती, कापड मढवलेली, वाटाण्याएवढी. आईनेच तसं सांगितलं होतं, त्या काळी ती कारखान्यासाठी शिवायची त्या ड्रेसना तशीच असायची. मागे बटणं म्हणजे घालायला दुसरं माणूस लागतं, आणि एकेक बटण मढवताना फोफो धरून चालली होती की ते माणूस आपणच असणार.

*

खोलीत इव्हान्थियाने काळा ड्रेस पायांशी सोडला आणि बंडी डोक्यावरून काढायला लावली. तिच्या पाठीवर चार लाल वळ उमटले होते, शिवणीसारखे सरळ, एकाखाली एक. मधल्या एकाला रक्त साकळलं होतं. आईची उघडी पाठ स्तामातिया आयुष्यात पहिल्यांदा बघत होती. कणा मण्यांच्या माळेसारखा वर आला होता आणि खांद्याची हाडं तिच्या एका तळव्यात मावली असती.

"सांगायचंस ना मला."

"तू पुढून बघत होतीस," इव्हान्थिया म्हणाली. "खूश दिसत होतीस."

पेटीतला झगा जुन्या चादरीत गुंडाळलेला होता. हिरवा म्हणजे काही नाजूक, पानाचा हिरवा नव्हे. ढळढळीत, बाटलीचा हिरवा. असला रंग म्हाताऱ्या माणसाच्या अंगावर स्तामातियाने एका ओळीत निकालात काढला असता, आणि अनेकदा काढला होता. ती बटणं लावायला लागली. इव्हान्थिया बोलत होती, की अशा हिरव्या क्रेपचे अडतीस ड्रेस शिवले होते मी कारखान्यात, एका उन्हाळ्यात. मुकादमीण अंगाला लावून बघू द्यायची नाही, कापडाला घामाचा वास लागतो म्हणून. एकाची कतरण मी मोज्यात लपवून आणली. तू तेव्हा पोटात होतीस.

झगा तंतोतंत बसत होता. पुढूनही आणि मागूनही. आतली शिवण स्तामातियाने बोटाने चाचपली, जिथे कुणी कधी बघणार नव्हतं तिथेही फोफोने दोरा लपवला होता. एवढं सुबक काम तिने बावीस वर्षांत कुणाच्या हातचं छापलं नव्हतं. आता तिला धाकट्या बहिणीचा हेवा वाटला, आणि तो लपवायला या खोलीत जागाही नव्हती, कारण दार उघडं होतं आणि दारात फोफो उभी होती.

"बारावं सुटलं तुझं," फोफो म्हणाली. "वरून परत लाव."

तिने परत लावलं. इस्मिनी मावशीच्या मागून डोकावत होती. कॅमेरा गळ्यात होता, पण तिने तो उचलला नाही.

"आता मी शेवटच्या पानावर काय लिहू?" स्तामातियाने विचारलं. ते कुणाला विचारलं तिलाही माहीत नव्हतं.

"लिही की आईला हिरवा आवडतो," इव्हान्थिया म्हणाली. "त्यात काय अवघड आहे."

तिने आरशात पाहिलं. पुढून पाहिलं, मग मान वळवून पाठ दिसते का ते पाहिलं, पण मान तेवढी वळली नाही. रंग तिच्या चेहऱ्याशी चांगलाच भांडत होता. त्या भांडणात तिचे गाल लाल झाले होते आणि डोळे हसत होते, आणि स्तामातियाला त्यावर एकही नियम आठवला नाही.

मग म्हातारीने पायाशी पडलेल्या रेशमाला काठीने हलकेच बाजूला केलं.

"हा उचल आणि घरी घेऊन जा," ती म्हणाली. "फोफो म्हणते तुझ्या मापाचा आहे. मी हिरव्यात जाणार, मातूला. काळा तुला लागेल त्या दिवशी."

स्तामातिया खाली वाकली, पण ड्रेस उचलला नाही. आधी तिने उरलेली चार बटणं लावली.